जेट एअरवेज: आराखडा मंजूर झाला, पैसे आले नाहीत

२२ जून २०२१ रोजी एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठाने बंद पडलेल्या विमान कंपनीचा, म्हणजे जेट एअरवेजचा पुनरुज्जीवन आराखडा मंजूर केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला. मधे १,२३४ दिवस गेले. एवढ्या काळात एकही व्यावसायिक उड्डाण झालं नाही, बँकांच्या ठरलेल्या पहिल्या हप्त्याचे ३५० कोटी पूर्ण आले नाहीत आणि कामगारांची देणी तशीच राहिली. आराखडा मात्र कागदोपत्री 'मंजूर' होता.

नादारी व दिवाळखोरी संहितेवर, म्हणजे देणी फेडू न शकणाऱ्या कंपन्यांसाठीच्या कायद्यावर, चर्चा होते ती बहुतेक वेळा अर्ज दाखल करून घेण्यापासून मंजुरीपर्यंतच्या टप्प्याची. जेटचं प्रकरण फसलं ते मंजुरीनंतर. म्हणून इथे भर त्याच टप्प्यावर आहे.

मंजुरीपर्यंत

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान उतरलं आणि सेवा थांबली. दोन ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल-सेवा पुरवणारे, आधीच एनसीएलटीत पोहोचले होते. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी कलम ७ चा, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी करायचा, अर्ज केला आणि २० जून २०१९ ला तो दाखल करून घेतला गेला. त्याच्या महिनाभर आधीच युरोपातल्या धनकोंच्या तक्रारीवरून नेदरलँड्सच्या न्यायालयाने जेटला दिवाळखोर ठरवलं होतं आणि एक बोईंग ७७७ ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर अडकलं होतं. आपल्या संहितेत तेव्हा परदेशी दिवाळखोरीसाठी कलम २३४ आणि २३५ एवढीच तरतूद होती, तीही प्रत्यक्ष वापरात न आलेली. शेवटी एनसीएलएटीने (एनसीएलटीच्या वरचं अपील न्यायाधिकरण) सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईचा रिझोल्यूशन प्रोफेशनल (प्रक्रिया चालवायला नेमलेली व्यक्ती) आणि डच प्रशासक यांच्यातला सहकार्याचा करार मान्य केला. मुख्य प्रक्रिया भारतात चालेल हे त्यातून ठरलं. कायद्यात वाट नसताना दोन्ही बाजूंनी ती शहाणपणाने काढली. या प्रकरणातली ही नीट पार पडलेली गोष्ट.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुरारीलाल जालान आणि फ्लोरियन फ्रिट्श या उद्योजकांच्या समूहाचा आराखडा धनको समितीने (कर्ज देणाऱ्यांच्या समितीने) ९९.२२ टक्के मतांनी स्वीकारला. कायद्याला लागतात ६६ टक्के. बँकांसह वित्तीय धनकोंचे मान्य दावे ७,८०० कोटींच्या आसपास होते. अर्ज दाखल करून घेतल्यापासून मंजुरीपर्यंत ७३३ दिवस लागले. कायद्याची कमाल मर्यादा ३३० दिवसांची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या एस्सार स्टील निकालाने ही मर्यादा अपवादात्मक परिस्थितीत ओलांडता येते असं म्हटलं, त्यामुळे विलंब बेकायदेशीर ठरला नाही. पण विमान कंपनीची किंमत दिवसागणिक गळते. विमानं बहुतेक भाडेपट्ट्यावरची, ती मालकांनी नेली. मुंबई-दिल्लीचे स्लॉट, म्हणजे विमान उडण्या-उतरण्याच्या राखीव वेळा, दुसऱ्या कंपन्यांना वाटले गेले. जुने स्लॉट हक्काने परत मिळतील असं न्यायाधिकरणाने म्हटलं नाही, तो निर्णय विमान वाहतूक यंत्रणेवर सोडला. पोलाद कारखान्याची भट्टी बंद पडली तरी जमीन, यंत्रं, वीजजोडणी जागेवर राहतात. विमान कंपनी दोन वर्षं बंद राहिली की उरतं ते नाव आणि थोडी मालमत्ता. बोली लावणाऱ्याने आणि समितीनेही हे पहिल्या दिवशीच जमेस धरायला हवं होतं.

आराखड्यातल्या अटी

पाच वर्षांत मिळून ४,७८३ कोटी आणण्याचं वचन होतं. त्यातले पहिले ३५० कोटी 'प्रभावी तारखे'पासून १८० दिवसांत यायचे होते. वचन पाळलं जाईल याची हमी म्हणून १५० कोटींची परफॉर्मन्स बँक गॅरंटी होती. पुढच्या हप्त्यांसाठी दुबईतल्या मालमत्ता तारण द्यायच्या होत्या.

खरी गोम 'प्रभावी तारीख' या दोन शब्दांत. ती उजाडण्यापूर्वी पाच पूर्वअटी पुऱ्या व्हायच्या होत्या: डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे उड्डाणाचा परवाना, वैध करून घेणं, व्यवसाय आराखडा सादर करणं, स्लॉटचं वाटप, आंतरराष्ट्रीय वाहतूक हक्कांची परवानगी आणि ग्राउंड हँडलिंगचा (विमानतळावरच्या सामान-सेवेचा) व्यवसाय वेगळा काढणं. मुदत ९० दिवस, वाढवून फार तर २७०. हे २७० दिवस मार्च २०२२ मध्ये संपले. सर्टिफिकेट मिळालं २० मे २०२२ ला.

इथून मतभेद सुरू झाले. समूहाचं म्हणणं, सगळ्या अटी पूर्ण झाल्या, आता कंपनीचा ताबा द्या. बँकांचं म्हणणं, अटी पूर्ण झालेल्या नाहीत. शिवाय आधी पैसे, मग ताबा. १३ जानेवारी २०२३ ला एनसीएलटीने अटी पूर्ण झाल्याचं मान्य केलं आणि प्रभावी तारीख १६ नोव्हेंबर २०२२ धरली. त्या हिशेबाने १८० दिवस १५ मे २०२३ ला संपत होते. बँका अपिलात गेल्या, काही काळ मुदतीतून वगळला गेला आणि तारीख पुढे सरकली.

पूर्वअट लिहिताना एक प्रश्न विचारायला हवा: ही अट कोणाच्या हातात आहे? व्यवसाय आराखडा सादर करणं बोलीदाराच्या हातात असतं. स्लॉट आणि वाहतूक हक्क सरकारच्या हातात असतात. दोन्ही एकाच यादीत घालून त्यांच्या पूर्ततेवर पैशाची तारीख टांगली, की बोलीदाराला प्रत्येक उशिरासाठी सबब मिळते आणि बँकेला प्रत्येक कागदावर शंका घेता येते. इथे तर 'पूर्तता झाली' हे कोणी ठरवायचं, हाही वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला. आराखड्यात प्रत्येक अटीसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पूर्ततेचा पुरावा म्हणून नेमका कोणता कागद, तो कोण तपासणार, आणि सरकारी परवानगी ठरल्या दिवसापर्यंत आली नाही तर पहिला हप्ता थांबणार की तरीही द्यावा लागणार. तिसरा मुद्दा सुटला की बाकीचा मसुदा कितीही चोख असला तरी भांडण ठरलेलं.

दीडशे कोटींची वजावट

ऑगस्ट २०२३ पर्यंत ३५० कोटी आलेले नव्हते. समूहाने एनसीएलएटीला सांगितलं: १०० कोटी ३१ ऑगस्टपर्यंत देतो, आणखी १०० कोटी ३० सप्टेंबरपर्यंत, उरलेले १५० बँक गॅरंटीतून वळते करून घ्या. २८ ऑगस्ट २०२३ ला एनसीएलएटीने ते मान्य केलं. २०० कोटी आले. बेरीज ३५० ची दिसू लागली.

ही बेरीज चुकीची होती. घरभाड्याच्या व्यवहारात ती चूक चटकन कळते. भाडेकरूने अकरा महिन्यांच्या करारात अनामत रक्कम ठेवली आणि तिसऱ्या महिन्यातच 'या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा' असं म्हटलं, तर घरमालक काय म्हणेल? डिपॉझिट आहे ते पुढच्या महिन्यांत भाडं थकलं किंवा नुकसान झालं तर हाताशी असावं म्हणून. ते आजच वापरलं तर उरलेल्या आठ-नऊ महिन्यांसाठी मालकाच्या हातात काहीच राहत नाही.

जेटमध्ये तर पहिल्या हप्त्यानंतर चार हजार कोटींहून अधिक यायचे होते. गॅरंटी पहिल्याच हप्त्यात जिरवली असती तर त्या सगळ्या रकमेमागची ही हमी संपली असती. शिवाय बँक गॅरंटी म्हणजे कंपनीच्या खात्यात आलेले पैसे नव्हेत. बोलीदाराने आपल्या बँकेत मार्जिन ठेवून मिळवलेलं ते बँकेचं वचन असतं. मागणी केली तर ती बँक पैसे देते. तोवर कंपनीत एक रुपया येत नाही. विमानं आणायला, पगार द्यायला, इंधन भरायला रोख लागते. कॉर्पोरेट दिवाळखोरीच्या नियमावलीतलं विनियम ३६ब(४अ) ही सुरक्षा यासाठीच मागतं: आराखडा मंजूर झाल्यावर बोलीदाराने तो राबवला नाही, किंवा राबवणं फसण्याला तोच कारण ठरला, तर ती जप्त व्हावी.

१८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. गॅरंटी वळती करता येणार नाही; ३१ जानेवारीपर्यंत १५० कोटी स्टेट बँकेच्या खात्यात रोख भरा, नाहीतर परिणाम होतील. पैसे आले नाहीत. तरीही १२ मार्च २०२४ ला एनसीएलएटीने आराखडा कायम ठेवला आणि मालकी नव्वद दिवसांत हस्तांतरित करण्यास सांगितलं. वरच्या न्यायालयाने ठरवलेला मुद्दा खालच्या मंचाने बाजूला ठेवणं ही या प्रकरणातली सर्वांत गंभीर चूक, आणि नोव्हेंबरच्या निकालात त्यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं गेलं.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी

मधल्या काळात दुसरं ओझं पुढे आलं. २१ ऑक्टोबर २०२२ ला एनसीएलएटीने सांगितलं की २० जून २०१९ पर्यंतचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल. समूह सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० जानेवारी २०२३ ला अपील फेटाळलं. रक्कम दोनशे कोटींहून अधिक होती आणि बोलीत तिची तरतूद नव्हती.

बोली लावणाऱ्यांची ही ठरावीक चूक आहे. पगाराच्या थकबाकीवर कपात चालते, समितीच्या मताने ती बंधनकारकही होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कलम ३६(४) म्हणतं की हे निधी कंपनीच्या मालमत्तेत धरायचेच नाहीत, ते कामगारांचे. आणि जे कंपनीचं नाहीच त्यावर धनको समिती कसली कपात करणार? बोली ठरवण्यापूर्वी पीएफ खात्याकडे भरलेली चलनं आणि पगारपत्रक महिन्यागणिक ताडून पाहणं हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. ते टाळलं की दीड-दोन वर्षांनी दोनशे कोटी अंगावर येतात. ज्यांच्या पगारातून पीएफ कापला गेला होता त्यांना त्या पैशासाठी अपिलात उभं राहावं लागलं, याचं दुःख कायद्याच्या भाषेत मावत नाही.

७ नोव्हेंबरचा निकाल

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने एनसीएलएटीचा आदेश रद्द केला. निकाल न्या. पारडीवाला यांनी लिहिला. पहिला हप्ता पूर्ण आला नाही, कामगारांची देणी दिली गेली नाहीत, गॅरंटी वळती करणं चूक होतं, हे मुद्दे एकेक करून घेतले. मंजूर आराखड्याचा भंग झाल्यावर कलम ३३(३) नुसार बाधित व्यक्ती अवसायनासाठी अर्ज करू शकते. पण पुन्हा अर्ज-अपील सुरू होऊ नये म्हणून न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ चे, म्हणजे पूर्ण न्यायासाठी थेट आदेश देण्याचे, अधिकार वापरले. समूहाने भरलेले २०० कोटी जप्त, १५० कोटींची गॅरंटी वटवायला बँकांना मुभा, आणि एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तातडीने अवसायक नेमावा, असा आदेश झाला. हे प्रकरण डोळे उघडणारं आहे, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायाधिकरणांतल्या सदस्यांच्या तुटवड्याची आणि कामाच्या वेळेचीही दखल घेतली.

बँकांच्या वर्तनाबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांची बाजू शेवटी बरोबर ठरली. पण ज्या समितीने ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी ही बोली स्वीकारली, तिनेच बोलीदाराच्या पैशाचा स्रोत आधी बारकाईने तपासायचा असतो. निव्वळ संपत्तीचं प्रमाणपत्र पुरत नाही. पहिल्या हप्त्याएवढी रोख मंजुरीच्या दिवशी एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे राखून ठेवलेल्या खात्यात, आहे का, हा साधा प्रश्न आहे. ३५० कोटी एस्क्रोत असते, तर पुढचं बहुतेक भांडण उद्भवलंच नसतं.

त्याच कायद्यात उलटं उदाहरण

मंजुरीनंतर उशीर झाला म्हणजे अवसायन, असा सरळ नियम मात्र यातून निघत नाही. भूषण पॉवर अँड स्टीलमध्ये मुंबईच्या जेएसडब्ल्यू स्टीलची बोली एनसीएलटीने सप्टेंबर २०१९ ला मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये ईडीने चार हजार कोटींहून अधिकची मालमत्ता जप्त केली. डिसेंबर २०१९ मध्ये वटहुकमाने कलम ३२अ आलं. जुन्या मालकांच्या गुन्ह्यांपासून नव्या मालकाला संरक्षण मिळालं. मार्च २०२१ मध्ये वित्तीय धनकोंना १९,३५० कोटी मिळाले. २ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने विलंबासह अनेक कारणांनी आराखडा रद्द करून अवसायन सांगितलं. ३१ जुलैला तो निकाल मागे घेतला गेला आणि २६ सप्टेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने आराखडा कायम केला.

दोन्हीकडे उशीर होता. भूषणमध्ये उशिराचं मोठं कारण बोलीदाराच्या हाताबाहेरचं होतं, पैसे प्रत्यक्षात पोहोचले होते आणि कारखाना सुरू होता. जेटमध्ये पहिल्या हप्त्याचे पैसेही पूर्ण आले नाहीत. विलंबाचं समर्थन करायला उभं राहताना बोलीदाराच्या वकिलाने आधी बँक स्टेटमेंट काढावं.

विमानांच्या बाबतीत कायदाही बदलला. २०२३ मध्ये गो फर्स्ट या विमान कंपनीने स्वतःच कलम १० खाली अर्ज केला आणि कलम १४ च्या, वसुली रोखणाऱ्या स्थगितीमुळे भाडेपट्ट्याने विमानं देणाऱ्यांना ती परत नेता येईनात. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. २०२५ मध्ये केपटाउन करारासाठी, म्हणजे विमानमालकांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारासाठी, स्वतंत्र कायदा झाला. याचा अर्थ यापुढे एखादी विमान कंपनी दिवाळखोरीत गेली तर भाड्याची विमानं लवकर निघून जातील. अशा कंपनीसाठी आराखडा करायचा तर तो महिन्यांत हवा, वर्षांत नव्हे.

१२ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकातल्या काही तरतुदी जेटच्या दुखण्यावर थेट बोट ठेवतात: अर्ज चौदा दिवसांत दाखल करून घेणं किंवा नाकारणं आणि उशीर झाल्यास कारण नोंदवणं, आराखडा राबवण्याची मंजुरी आधी व पैशाच्या वाटपाची नंतर अशी विभागणी, अवसायनावर धनको समितीची देखरेख, आणि परदेशी दिवाळखोरीसाठी नियम करण्याचे केंद्राला अधिकार. यातली वाटपाची विभागणी उपयोगी आहे, कारण बँकांच्या आपसातल्या भांडणामुळे ताबा अडत नाही. पण बोलीदाराकडे पैसे नसतील तर कोणतीही विभागणी उपयोगाची नाही.

अवसायनात कोणाच्या पदरात काय पडतं

कलम ५३ चा क्रम असा: आधी प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च. मग एकाच पायरीवर, समान हक्काने, कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या बँका. त्यानंतर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी. मग विनातारण वित्तीय धनको. मग सरकारी देणी. पुरवठादार त्याच्याही खाली.

आकडे मांडून पाहू. हे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, जेटचे नव्हेत. समजा खर्च वजा जाता ३०० कोटी उरले, तारण सोडलेल्या बँकांचे ६,००० कोटी आहेत आणि कामगारांचे ४०० कोटी. दुसऱ्या पायरीवर ६,४०० कोटींचे दावे, वाटायला ३००. रुपयामागे ४.६९ पैसे. चार लाख थकलेल्या कामगाराला १८,७५० रुपये. खालच्या पायरीवरच्या पर्यवेक्षक किंवा व्यवस्थापकाला काही नाही, पुरवठादारालाही नाही. म्हणून आपण 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही, हा प्रश्न अवसायनात पोटापाण्याचा होतो. पदनाम काय होतं यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते महत्त्वाचं. देखरेखीचं किंवा व्यवस्थापनाचं काम करणारे सहसा कामगार ठरत नाहीत. नेमणूकपत्र, ड्युटी रोस्टर, वरिष्ठांचे लेखी आदेश जपून ठेवावेत.

अवसायक (अवसायन चालवायला नेमलेली व्यक्ती) जाहीर सूचना काढतो आणि अवसायन सुरू झाल्यापासून तीस दिवसांत दावे मागवतो. पुरवठादारासाठी नमुना सी, वित्तीय धनकोंसाठी डी, कामगार-कर्मचाऱ्यांसाठी ई. आधीच्या टप्प्यात दावा दिला होता आणि आता दिला नाही, तरी २०२२ च्या दुरुस्तीनुसार तो जुना दावा अवसायकाने तपासायचा असतो. तरीही नव्याने भरावा. व्याजाची मर्यादा, मधल्या काळात हाती आलेली रक्कम, बदललेलं बँक खातं यांची नोंद जुन्या कागदात नसते, आणि बंद खात्यावर पाठवलेला हिस्सा परत जातो.

दावा नाकारला किंवा कमी धरला तर कलम ४२ खाली अपिलाला चौदा दिवस मिळतात. निर्णय ई-मेलने येतो. तो स्पॅम फोल्डरमध्ये पडून मुदत निघून जाऊ शकते. पीएफसाठी वेगळी वाट धरावी: यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) पासबुकची प्रत काढून, पगारपत्रकावर कपात दाखवलेली पण पासबुकात न आलेली प्रत्येक महिन्याची ओळ लाल शाईने खुणावून, तो तक्ता पीएफ कार्यालयाला आणि अवसायकाला दोघांनाही द्यावा. पगाराच्या थकबाकीच्या दाव्यात ही रक्कम मिसळू नये. मिसळली की ती ४.६९ पैशांच्या हिशेबात जाऊन बसते.